तो ५५चा आकडा बाळाचा नाही

परवा रात्री अकराला भाचीचा फोन. स्कूटरवरून पडली म्हणून डोक्याचा सीटी झाला, तो नॉर्मल निघाला. दहा दिवसांनी कळलं, की स्कॅनच्या दिवशी तिला पाचवा आठवडा चालू होता. तेवढ्यात सासरच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला: ‘एक सीटी म्हणजे ५०० एक्सरे. गरोदरपणी सीटी झाला की मूल व्यंग घेऊनच जन्मतं, वेळीच मोकळं व्हा. दोन दिवस अंगातून किरणं निघतात, नारळपाण्याने धुऊन काढा.’ "मामा, काय करू?" म्हणून रडत होती. मी वीस वर्षं सीटी मशीनवर काम करतो. एरवी असल्या मेसेजना हात जोडतो, या वेळी नाही.

नारळपाण्याचं आधी उरकतो. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरतो का? एक्सरेचंही तेच. अंगात काही उरतच नाही, तर धुणार काय?

५०० एक्सरे कुठून आणले देव जाणे. मे २०२१मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. गुलेरिया छातीच्या सीटीबद्दल ३०० ते ४०० म्हणाले, तर रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने तेही जुनं ठरवलं. पण प्रश्न किती एक्सरे हा नाहीच. कुणाला किती, हा आहे.

जावयाने तर सीडीतला डोस रिपोर्ट उघडून ‘सीटीडीआय ५५ मिलिग्रे’ वाचलं (सीटीडीआय म्हणजे मशीन दाखवतं तो किरणांच्या डोसचा आकडा, मिलिग्रे हे डोसचं माप), नेटवर गर्भासाठीची ५०ची मर्यादा शोधली आणि घाबरून गेला. अरे, तो ५५ बाळाचा नाही, खरं तर तुझ्या बायकोचाही नाही! डोक्याएवढ्या अ‍ॅक्रिलिकच्या नळकांड्यात मोजलेल्या डोसवरून मशीन तो दाखवतं. मी एकच विचारलं, "स्कॅन कुठून कुठपर्यंत?" टाळूपासून हनुवटीपर्यंत. म्हणजे गर्भाशय किरणांच्या झोतात नव्हतंच. अंगातल्या अंगात विखुरलेलं काय ते थोडं पोचलं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७च्या तक्त्यात डोक्याच्या सीटीत गर्भाला ०.००१ ते ०.०१ मिलिग्रे दिलाय. नऊ महिन्यांत निसर्गाकडूनच ०.५ ते १ मिलिग्रे मिळतो, त्याचा हा फार तर पन्नासावा हिस्सा.

ओटीपोटाचा सीटी असता तर मी एवढा निवांत नसतो, हे कबूल. तिथे गर्भ थेट झोतात येतो, १० ते ५० मिलिग्रे पडू शकतात. मग कितवा आठवडा, आईचा घेर किती, स्कॅन एकदा की दोनदा, हे धरून भौतिकतज्ज्ञाकडून हिशोब करून घ्यावा लागतो. कॅन्सरची शक्यताही किंचित वाढते: बालपणी तो न होण्याची शक्यता १० मिलिग्रेला ९९.७ वरून ९९.६ टक्क्यांवर येते. आणि स्कॅनआधी पाळीची तारीख कुणी विचारली नव्हती, ती चूकच.

पण ‘वेळीच मोकळं व्हा’? याचाच खरा संताप येतो. किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००० सालीच लिहून ठेवलंय, की १०० मिलिग्रेच्या आत किरणांच्या कारणासाठी गर्भपात समर्थनीय नाही. चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर ग्रीसमध्ये किरकोळ डोस पोचला होता, तरी भीतीपोटी हव्या असलेल्या सुमारे २,५०० गर्भांचा पात झाल्याचा अंदाज तिथल्या डॉक्टरांनी १९८७मध्ये छापला. ती मुलं किरणांनी नाही गेली, असल्याच सल्ल्यांनी गेली.

भाचीला सांगितलं, रेडिओलॉजिस्टकडून गर्भाच्या डोसचा अंदाज लेखी घे, तुझ्या डॉक्टरबाईंना दाखव आणि झोप. मी हे सगळं ग्रुपवरही टाकलं. फॉरवर्ड पाठवणाऱ्या आत्याबाईंनी उत्तरादाखल शहाळ्याचा फोटो पाठवलाय.