मोबाइलमध्ये टॉर्च आहे की!

आज संध्याकाळी घरच्या ग्रुपवर एका टॉर्चचा फोटो टाकला आणि विचारलं, हा घेतेय, तुमच्यासाठीही एक मागवू का? मिनिटभरात दादाचं उत्तर आलं, ‘टॉर्चला एवढे पैसे? डोकं ठिकाणावर आहे ना?’ त्यावर वहिनीचे हसण्याचे इमोजी. काका म्हणाले, ‘घरात बॅटरी आहे ना एक, ड्रॉवरमध्ये?’ आणि सगळ्यांवर कडी म्हणजे शेजारच्या खोलीतून आईचा आवाज, ‘मोबाइलमध्ये असते की गं ती, उगाच कशाला.’

मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. तिथे लिहिलं असतं तर भांडण झालं असतं. म्हणून इथे लिहितेय. इथली तुम्ही मंडळी घरात म्हातारी माणसं असलेली आहात, मी काय म्हणतेय ते तुम्हाला कळेल.

बाबा पडले त्या रात्री ग्रुपवर हसणाऱ्यांपैकी कोणीही इथे नव्हतं. मी होते आणि आई होती. लाइट गेलेली होती. बाबा पाणी प्यायला उठले, जिन्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर पाय सटकला आणि कपाळ कडेवर आपटलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी ड्रॉवरकडे धावले. काका म्हणतात तीच बॅटरी. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. झाकण उघडून पाहिलं तर सेल फुटलेले, स्प्रिंगवर पांढरी भुकटी जमलेली, एक सेल आतच चिकटून बसलेला.

मग मोबाइल. चार्ज तळाला. आईचा फोन लाइट गेल्यापासून वरच्या खोलीत चार्जरला लावलेला तसाच, बंद पडलेला. माझ्या फोनचा दिवा लावला, आईने बाबांच्या कपाळावर कापड दाबून धरलं आणि मी डॉक्टरांना फोन लावायला गेले. इथेच सगळं अडलं. आमच्या जिन्यात रेंज येत नाही, खिडकीशी जावं लागतं. मी खिडकीशी गेले की उजेड माझ्याबरोबर खिडकीशी. आई तिकडे अंधारात बाबांचं डोकं मांडीवर घेऊन हाका मारतेय, ‘अगं, इकडे दाखव, इकडे दाखव!’ मी परत जिन्यात आले की फोन कट.

ज्यांना ‘स्पीकरवर टाकायचा ना’ असं सुचतंय त्यांना सांगते, टाकला होता. रेंजच नसेल तर स्पीकर काय करणार?

एक वस्तू एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. फोन ही अडचणीच्या वेळी माणसांना बोलावण्याची वस्तू. तिचा जीव दिव्यात घालवायचा आणि नेमकी माणसं बोलवायची वेळ आली की ती बंद. हे ज्याला पटत नाही त्याने एका रात्री मेन स्विच बंद करून, हातात फक्त मोबाइल घेऊन, कोणाच्या तरी हाताला बँडेज बांधून बघावं. एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताने गाठ मारायची. बघाच.

मान्य, पडलेली किल्ली शोधायला मोबाइलचा दिवा पुरतो.

आता त्या ड्रॉवरमधल्या बॅटरीबद्दल. साधे अल्कलाइन सेल टॉर्चमध्ये घालून महिनोन्महिने विसरले की ते आतून संपत जातात, आत वायू साठतो, सील सुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची ती पांढरी भुकटी होते. स्प्रिंग आणि पट्टी गंजते आणि मग नवे सेल घातले तरी टॉर्च लागत नाही. आमच्या त्या बॅटरीचं हेच झालं होतं. म्हणजे स्वस्तातली वस्तू घेऊन आपण काही वाचवलं नाही, बंद पडलेली वस्तू जपून ठेवली. काकांकडच्या चार्जिंगच्या मोठ्या टॉर्चचंच बघा. तसल्या बऱ्याच टॉर्चमध्ये आत शिसे-आम्लाची बॅटरी असते आणि ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि तिची ताकद कायमची जाते. काकांची कधीच गेलेली आहे, त्यांनी अजून लावून पाहिलेली नाही एवढंच.

चांगल्या टॉर्चमधला लिथियम-आयन सेल महिन्याला जेमतेम एक-दोन टक्के उतरतो. मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की बऱ्याच टॉर्चमध्ये सर्किटच तुटतं, त्यामुळे पिशवीत चुकून बटण दाबलं जाऊन तो रिकामा होण्याची भीती नाही. ड्रॉवरमध्ये ठेवा, काही महिन्यांनी काढा, लागणार. मला त्या रात्री एवढंच हवं होतं. दाबलं की लागणारा दिवा.

दादा म्हणतो, ‘उजेड तो उजेड, त्यात चांगला-वाईट काय?’

आहे. त्या रात्री मोबाइलच्या निळसर उजेडात बाबांच्या कपाळाकडे बघताना मला कळतच नव्हतं की रक्त थांबलंय की वाहतंय. सुकलेलं आणि ताजं, दोन्ही सारखंच तपकिरी, काळपट. मी बोट लावून बघत होते. पुढे मी यावर खूप वाचलं. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडी, त्यावर पिवळसर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडाचा काही भाग पिवळ्यात बदलणाऱ्या पदार्थाचा थर. स्वस्त एलईडीत लाल रंगाचा भाग फार कमी असतो, म्हणून लाल वस्तू मेलेल्या दिसतात. रंग किती खरे दिसतात ते सीआरआय नावाच्या आकड्यात सांगतात, १०० म्हणजे पूर्ण खरे. पण तो नेहमीचा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीवर काढतात आणि त्यात गडद लाल धरतच नाहीत! गडद लालचा आकडा वेगळा, त्याला आर९ म्हणतात. टॉर्च निवडताना मी सीआरआय ९० च्या वर आणि आर९ चांगला आहे ना, हे पाहते. मी ज्याचा फोटो टाकला होता तो तसाच आहे. तो महाग का, तर त्यातला एक भाग हा आहे. रक्त लाल दिसण्याचे पैसे आहेत ते, दादा.

लिहिता लिहिता राग वाढतोय. वाढू दे.

कारण ‘झालं ना शेवटी सगळं नीट?’ हे वाक्य मी दादाच्या तोंडून खूपदा ऐकलंय. हो, झालं. टाके पडले, बाबा आता ठणठणीत आहेत. पण ते नीट झालं कारण खालच्या मजल्यावरचा मुलगा आवाज ऐकून वर आला आणि त्याने त्याचा फोन धरला. त्याच्या भरवशावर घर चालवायचं का? घरात विमा आहे, गॅसचा सुटा रेग्युलेटर आहे, गाडीत स्टेपनी आहे. यातल्या कशाबद्दलही कोणी ‘आत्तापर्यंत लागलं का कधी?’ विचारत नाही. टॉर्चबद्दलच का विचारतात?

बरं, फसवणूकही याच बाजारात जास्त आहे, हेही सांगते. दादाला वाटतं स्वस्तातल्या डबीवर ‘१,००,००० ल्युमेन’ लिहिलंय तर ती जास्त चांगली. (ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड निघतो त्याचं माप.) ते आकडे थापा आहेत. तशीच थाप सेलवर. १८६५० म्हणून जो सेल सगळीकडे दिसतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, त्यात नावाजलेल्या कंपन्यांचे चांगले सेलसुद्धा साधारण ३५०० एमएएचच्या (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) आसपास असतात. ज्याच्यावर ९९०० छापलंय तो सेल घरात आणू नका, मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नका.

खरा आकडा कसा ओळखायचा? २००९ मध्ये अमेरिकेत टॉर्च मोजण्याचं एफएल१ नावाचं मानक आलं. त्यात उजेड लावल्याक्षणी मोजत नाहीत, निदान ३० सेकंद जाऊ देतात. पल्ला म्हणजे जिथे उजेड ०.२५ लक्स (एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप) उरतो तिथवरचं अंतर. ०.२५ लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. म्हणून ‘२०० मीटर पल्ला’ लिहिलं असेल तर २०० मीटरवर लख्ख दिसेल असं समजू नका, तिथे चांदणं पडेल. आणि ‘इतके तास चालतो’ म्हणजे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. हे कळल्यावर डबीवरचे आकडे वेगळेच दिसायला लागतात.

मोठा टॉर्चही पूर्ण ताकदीवर लावला की तापतो आणि दोन-चार मिनिटांत स्वतःच उजेड कमी करतो, हे मान्य. त्याला इलाज नाही, उष्णता जाणार कुठे. पण घरात तेवढा उजेड लागतोच कोणाला? तीनशे ल्युमेनचा टॉर्च उभा ठेवून छताकडे रोखला की अख्ख्या खोलीत एकमेकांचे चेहरे दिसतात आणि दोन्ही हात मोकळे. त्या रात्री जिन्यात असा एक दिवा उभा केला असता तर आईला हाका मारायला लागल्या नसत्या. मी खिडकीशी उभी राहून शांतपणे डॉक्टरांशी बोलले असते.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कोणी दाखवत नाही. साध्या टॉर्चमध्ये सेल उतरत गेले की उजेडही उतरत जातो, पिवळा, अंधुक, मग नुसता ठिपका. चांगल्या टॉर्चमध्ये आत एक सर्किट असतं, ते एलईडीला जाणारा करंट धरून ठेवतं. टॉर्चला उजेडाच्या कमी-जास्त पायऱ्या असतात, त्यातल्या मधल्या पायरीवर तासन्‌तास सारखाच उजेड. सेल संपत आला की पायरी उतरते किंवा दिवा लुकलुकतो, म्हणजे आपल्याला आधी कळतं.

लिथियम सेल जपावे लागतात, हेही खरं. सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकायचा नाही, शॉर्ट होतो. प्लास्टिकच्या डबीत ठेवायचा. झालं.

आता आईबद्दल लिहायचंय आणि इथे माझा राग टिकत नाही.

आई म्हणते मोबाइलमध्ये आहे. पण आई मोबाइलचा दिवा लावत नाही. मी रात्री जागी असते तेव्हा ऐकते, ती अंधारात भिंतीला हात लावत लावत बाथरूमपर्यंत जाते. बाबांची झोप मोडू नये म्हणून. मोबाइलचा दिवा एकदम डोळ्यांवर येतो, बाबा कूस बदलतात, मग ती दिवा लावतच नाही. विचारलं तर म्हणते, ‘मला दिसतं गं, सवय आहे.’ तिला दिसत नाही. वय वाढलं की डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही, भिंग पिवळसर होतं. त्या वयाला उजेड जास्त लागतो आणि झगझगाटाचा त्रासही जास्त होतो. डोळा अंधाराला पुरता सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका झगझगीत दिव्याने ते सगळं क्षणात जातं. काही चांगल्या टॉर्चमध्ये उजेडाची एक सगळ्यात खालची पायरी असते, एक ल्युमेनपेक्षाही कमी, पिवळसर उबदार उजेडाची. पायापुरतं दिसतं, शेजारच्याची झोप मोडत नाही. बटण दाबून धरलं की थेट तीच लागते, आधी मोठा झोत नाही. मी हा टॉर्च निवडला तो या एका पायरीसाठी. दादाला वाटतं मला छंद लागलाय.

बाबा पडल्यापासून आई जिन्यात आधी पाय लावून पायरी चाचपते आणि मग वजन टाकते. आधी ती अशी नव्हती. ती बोलणार नाही, पण तिला भीती बसली आहे. आणि त्याच बाईला वाटतं, तिच्या रात्रीच्या चार पावलांसाठी पैसे खर्च करणं म्हणजे उधळपट्टी. आपल्या आया सगळ्या अशाच आहेत, माहीत आहे तुम्हाला. स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की त्यांना ते महागच वाटतं.

वहिनी मघाशी वेगळा मेसेज करून म्हणाली, ‘चिडू नकोस, पण वर्षातून एखाद्या वेळी लागणार.’ वहिनी, रोज लागणार. रोज रात्री, सगळे झोपल्यावर. तुम्ही इथे नसता म्हणून दिसत नाही.

तर मी मागवलाय. ग्रुपवर परत विचारणार नाही. एक आईच्या उशाशी, एक जिन्याच्या वरच्या टोकाला खिळ्याला अडकवलेला, तिथून कोणी उचलायचा नाही. दादाकडे येईन तेव्हा त्याच्यासाठीही एक घेऊन येईन, मग तो काहीही म्हणो. त्याच्या सासूबाई त्याच्याकडेच असतात.

एक मदत हवी आहे. आईच्या बोटांना संधिवात आहे. टॉर्चच्या मागच्या टोकाचं कडक बटण तिला अंगठ्याने दाबवत नाही. बाजूला मोठं, मऊ, अंधारात बोटांना लगेच कळेल असं बटण हवं, अंग फार जाड नको, आणि चार्जिंग टाइप-सी, म्हणजे घरातली टाइप-सीची वायर चालेल. मी मागवलेल्याचं बटण बाजूला आहे, पण ते किती मऊ आहे ते हातात आल्याशिवाय कळणार नाही. ज्यांच्या घरी आई-वडील असा टॉर्च खरंच रोज वापरतात त्यांनी कृपया सांगा कुठला घेतलात. ‘मोबाइल आहे की’ लिहिणाऱ्यांनी मात्र आज इथे लिहू नका.