ह्याला पाऊस म्हणतात?

परदेशातल्या पावसाबद्दल मराठी नवऱ्याला जन्मजात तुच्छता असते. जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या पॉवेल स्टेशनातून वर आलो तेव्हा आभाळ गळत होतं. "ह्याला पाऊस म्हणतात? हे तर गुलाबपाणी!" असं म्हणून त्याने दोघांत मिळून एकच छत्री उघडली. दुसरी तो घरीच ठेवून आला होता, उगाच ओझं नको म्हणून.

या शहरातलं गुलाबपाणी वरून पडत नाही, समोरून येतं. खाडीवरच्या वाऱ्याने पहिल्याच कोपऱ्यावर छत्री उलटी केली.

"चायनाटाउनमध्ये कमानीतूनच शिरायचं," हा त्याचा हट्ट. ग्रँट अव्हेन्यू आणि बुश स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची ही कमान 1970 सालची, हिरव्या कौलांची, माथ्यावर ड्रॅगन. मी लगेच तिच्याखाली जाऊन उभी राहिले. कलेची ओढ म्हणून नव्हे, छप्पर होतं म्हणून. हा मात्र छत्रीसकट चार पावलं मागे सरकून वरची अक्षरं फोनवर शोधत बसला. चीनचे क्रांतिकारी नेते सुन यत-सेन यांचं आवडतं वचन आहे म्हणे: आकाशाखालचं सगळं सर्वांच्या भल्यासाठी. आकाशाखालचं बरंचसं त्या वेळी माझ्या बुटांत साठत होतं.

माहिती देणारा माणूस चालत नाही, थांबतो. कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या नाक्यावर 1854 मधलं विटांचं जुनं चर्च आहे. त्याच्या घड्याळाखाली लिहिलंय, बाळा, वेळ ओळख आणि पापापासून पळ काढ. घड्याळात जेवणाची वेळ उलटून गेली होती. "बाळा, ऐकतोयस ना?" मी विचारलं. बाळ समोरच्या इमारतीचा फोटो काढत होतं.

त्या इमारतींची छपरं टोकाला झोकात वर वळलेली. पाणी मात्र खालीच, थेट माझ्या मानेवर. पण त्यांची गोष्ट त्याने सांगितली तेव्हा, खरं सांगते, मी भिजत का होईना, ऐकत राहिले. 1906 च्या भूकंपात आणि आगीत ही वस्ती बेचिराख झाली. शहराच्या कारभाऱ्यांना ही मोक्याची जागा हवीच होती. चिन्यांना दूर हंटर्स पॉइंटला हलवायचा घाट घातला गेला. इथल्या व्यापाऱ्यांनी त्याआधीच बांधकाम काढलं, तेही अमेरिकन वास्तुविशारदांकडून, पॅगोडे आणि रंगीत सज्जे लावून, म्हणजे पर्यटक धावत यावेत आणि कोणाची हलवायची छाती होऊ नये. 1882 च्या कायद्याने ज्यांच्या मजुरांना देशाची दारं बंद केली होती, ज्यांना नागरिकत्वही मिळत नव्हतं, त्या लोकांनी ही खेळी केली. तो कायदा रद्द व्हायला 1943 उजाडलं. एकूण मानेवर पडणारं पाणी मी माफ केलं.

पोटाला इतिहास कळत नाही. डिम सम, म्हणजे चिनी पद्धतीचे छोटे छोटे खाऊ, खायला एका गर्दीच्या हॉटेलात नंबर घेतला. दारात तीसेक माणसं, तितक्याच ठिबकणाऱ्या छत्र्या, आणि नंबरांचा पुकारा कँटोनीजमध्ये. शेवटी मागच्या आजोबांनी आमची चिठ्ठी वाचून आम्हाला आत ढकललं.

मग आठवलं, शनिवार! म्हणजे ह्याचा मारुतीचा वार. गाडी ढकलत येणाऱ्या मावशी एकेक झाकण उघडून दाखवायच्या: कोळंबी, डुक्कर, कोंबडीचे पाय. मुळ्याच्या वड्या पाहून तो फुलला, पण त्यातही सॉसेजचे तुकडे निघाले. अखेर तीळ लावून तळलेले गोड गोळे त्याच्या वाट्याला आले. मी हार गाव नावाचे मोदक खात होते, पारदर्शक पारीतून कोळंबी गुलाबी दिसत होती, आणि हा माझ्या ताटलीकडे न पाहता भिंतीवरचा ड्रॅगन पाहत होता. बजरंगबली माझ्या बाजूने आहे, याची त्या दिवशी खात्री पटली.

रॉस अ‍ॅलीत 1962 पासूनचा फॉर्च्यून कुकीचा, म्हणजे पोटात भविष्याची चिठ्ठी असलेल्या बिस्किटांचा, छोटा कारखाना आहे. गरम चकत्या हाताने दुमडताना पाहिल्या. "मुळात हे जपानी," हा कुजबुजला. मी म्हटलं, इथे मोठ्याने बोलू नकोस.

स्टॉक्टन स्ट्रीट म्हणजे खरा बाजार: टाक्यांत उड्या मारणारे मासे, खेकडे, पालेभाज्यांचे ढीग, आणि पावसाची पर्वा न करता चालणाऱ्या आज्या. त्यांच्या छत्र्यांच्या काड्या बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. वाकत, चुकवत वॉशिंग्टन स्ट्रीटपर्यंत आले तर समोर चकचकीत काचेचं भुयारी स्टेशन. कोरडं. सरकते जिने.

"हे कधी झालं?"

"2022 ला उघडलं. पॉवेलपासून जमिनीखालूनच येता येतं, एकच स्टेशन," त्याने उत्साहाने माहिती पुरवली.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"अगं, पण मग कमान कशी दिसली असती?"

छत्री त्या वेळी त्याच्या हातात होती, हे त्याचं नशीब.