गांजाबद्दल मत बदलायचंय? मग घाई करू नका

हे बघा, गांजा-चरसबद्दल मत बदलायची पण एक पद्धत असते. आधी अमेरिकेनं बदलायचं, मग पुण्या-मुंबईच्या पोरांनी, मग टीव्हीवर कुणीतरी सांगायचं आणि सगळ्यात शेवटी कोल्हापुरात आपण, पण बदलल्या बदलल्या लगेच म्हणायचं की हे तर आपल्याला पहिल्यापासनं माहीत होतं.

वाचन मात्र टाळा. 1893 ला इंग्रज सरकारनं यावर एक कमिशन बसवलं, त्यांनी हजारावर साक्षीदार तपासले आणि 1894 ला भलामोठा रिपोर्ट दिला की बेतानं घेणाऱ्याला सहसा फार अपाय दिसत नाही, अतिरेक केला तर होतो. गांजानं वेड लागतं म्हणतात म्हणून ते वेड्यांच्या इस्पितळातली रजिस्टरं पण उघडून बसले, तर वेडाचं कारण म्हणून जिथं गांजा लिहिलेला तिथं बऱ्याचदा डॉक्टरनं काही तपासलेलंच नव्हतं, पेशंटला आणणाऱ्या पोलिसानं जे कागदावर लिहिलं तेच पुढं उतरवलेलं! असलं वाचलं की मत लवकर बदलायची भीती असते, म्हणून नको.

कायदा तेवढा पाठ करा. 1985 च्या कायद्यात त्याच झाडाचा फुलोरा म्हणजे गुन्हा, चीक म्हणजे चरस तर गुन्हाच, आणि नुसती पानं बाहेर. तेव्हा झाडाकडं बघताना नजर पानांवर ठेवा, शेंड्याकडं बघू नका. 1 किलोपर्यंत गांजा किंवा 100 ग्रॅमपर्यंत चरस म्हणजे 'अल्प', म्हणजे फक्त वर्षभरापर्यंत सक्तमजुरी नाहीतर 10,000 पर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. दारूचं तसं नाही, तिला आपल्या राज्यात 1949 च्या कायद्यानं परवाना लागतो आणि तो देतात आरोग्य राखण्यासाठी (चेष्टा नाही, खरंच), त्यामुळं शनिवारी रात्री शाहूपुरीतल्या बारमध्ये बसलेली सगळी मंडळी कागदोपत्री तब्येतीची काळजीच घेत असतात.

2 डिसेंबर 2020 ला संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं 27 विरुद्ध 25 मतांनी गांजाला सगळ्यात कडक यादीतनं काढलं, आणि काढा म्हणणाऱ्यांत भारत होता. आपल्याला कळलं नाही कारण त्या वर्षी आपण टीव्हीवर नटनट्यांचे व्हॉट्सॲप चॅट वाचण्यात बिझी होतो.

आता मेडिकल. 2018 ला अमेरिकेत गांजातल्या सीबीडीपासनं (म्हणजे नशा न आणणाऱ्या घटकापासनं) बनवलेल्या औषधाला मान्यता मिळाली, कशासाठी तर लहान मुलांत सुरू होणाऱ्या फिट्सच्या दोन अवघड प्रकारांसाठी. यावरनं गुडघेदुखी, शुगर, कॅन्सर आणि सासूचा स्वभाव हे सगळं बरं होतं असं समजायला काहीच हरकत नाही. एखादा डॉक्टर म्हणाला की कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्या पोरांना सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम व्हायच्या मानसिक आजाराचा, धोका वाढतो, तर तो जुन्या वळणाचा, दुसरा बघा, शक्यतो ज्याच्या काउंटरवरच गांजाच्या तेलाची बाटली असेल असा.

बाटली काळी, ड्रॉपरची, वर हिरवं पान. आमच्या मंगळवार पेठेतले एक काका, ज्यांनी जन्मभर तालमीच्या पोरांना 'गांजेकस लेकाचे' म्हणून हाकललं, ते हल्ली रोज रात्री आरशासमोर जीभ वर करून त्यातले थेंब मोजून घालतात. मी विचारलं, काका, टीएचसी, म्हणजे नशा आणणारा भाग, किती आहे हो यात? म्हणाले, "टीएचसी-बीएचसी काय न्हाई त्यात, जीएसटी हाय, बिल दावू का?"

म्हणजे बिल जपून ठेवा. शेजारचं पोरगं रंकाळ्याच्या मागं पुडीसकट सापडलं तर त्याच्याकडं बिल नसतं, म्हणून त्याला सरळ कळंबा जेल दाखवा, वर त्याच्या आईला संस्कारांबद्दल दोन शब्द सुनवा. तुमचा भाचा टोरांटोत दुकानात रांगेत उभा राहून बिल करून घेतो, तिथं 2018 पासनं चालतंय, त्यामुळं तो वेलनेस करतोय. फक्त गणपतीला येताना त्या गांजाच्या गोड गोळ्या बॅगेत आणू नको म्हणावं, विमानतळावरच्या कुत्र्याला कॅनडाचा कायदा शिकवलेला नसतो.