साक्षगंधाच्या यादीत एक सुई वाढवा

आपल्याकडे साक्षगंध झालं की याद्या सुरू होतात. बस्ता कुठे बांधायचा, मंडप कोणाचा, आंदणात काय द्यायचं. त्या यादीत मुलीच्या दंडाला टोचायची रुबेलाची सुई असावी, एवढ्यासाठी ही पोस्ट आहे. लांब आहे, पण घरात लग्नाची मुलगी किंवा नवी सून असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी आजाराबद्दल. लेकराला रुबेला होतो तेव्हा कोणाला त्याचं फारसं काही वाटत नाही. थोडी कणकण, चेहऱ्यापासून खाली उतरत जाणारा बारीक गुलाबी पुरळ, आणि तीन दिवसांत सगळं साफ. कानामागे आणि मानेच्या मागे बोट फिरवलं तर दुखऱ्या गाठी हाताला लागतात. घरी म्हणतात माता आली. उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवतात, मातामायला पाणी घालतात, आणि चौथ्या दिवशी लेकरू गल्लीत खेळायला जातं. कितीतरी जणांना तर पुरळही उठत नाही. पण पुरळाच्या आधीचे सात आणि नंतरचे सात दिवस त्याच्या खोकल्या-शिंकेतून विषाणू पसरत असतो. त्याच घरात एखादी सून असते. तिची पाळी आठ दिवसांपूर्वी चुकलेली असते आणि तिने ते अजून कोणाला सांगितलेलं नसतं.

घात होतो तो तिच्या पोटातल्या बाळाचा. पहिल्या १२ आठवड्यांत आईला रुबेला झाला तर दहापैकी आठ-नऊ गर्भांना इजा होते. त्याच दिवसांत डोळ्याचं भिंग, कानाचा आतला भाग आणि हृदय घडत असतं, आणि विषाणू नेमका तिथेच शिरतो. १६ आठवड्यांपर्यंत धोका निम्म्यावर येतो आणि २० आठवड्यांनंतर फार कमी उरतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते सिडनीचे डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्या, १९४१ साली. जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं एकापाठोपाठ एक यायला लागली तेव्हा त्यांनी आयांना विचारलं, दिवस गेले तेव्हा काय झालं होतं? बहुतेकींचं उत्तर एकच आलं: सुरुवातीलाच अंगावर पुरळ उठला होता.

आता आपल्या गावातलं गणित मांडू. पाळी चुकते, घरात कळायला महिना जातो, सासूबाई ‘तिसरा लागू दे’ म्हणतात, मग आशाताई नाव नोंदवते आणि पहिली तपासणी होते. तोवर दहा-बारा आठवडे उलटलेले असतात. म्हणजे धोक्याचा काळ बहुतेक संपलेला असतो. त्या दिवशी रक्त तपासून प्रतिकारशक्ती नाही असं कळलं तरी लस देता येत नाही, कारण ही जिवंत विषाणूची लस आहे आणि गरोदरपणी ती देत नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की गर्भ राहिल्यावर रुबेलाचा विचार करणं म्हणजे उशीर. वेळ आहे ती साक्षगंध आणि लग्न यांच्या मधली.

लस कोणाला लागते? महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली. ९ महिने ते १५ वर्षांच्या लेकरांना शाळेत, अंगणवाडीत सुई देऊन डाव्या अंगठ्यावर खूण केली होती. म्हणजे २००३ किंवा त्याआधी जन्मलेल्या बहुतेक मुली त्यातून सुटल्या. त्यानंतर जन्मलेल्यांपैकीही ज्या त्या हंगामात आईबापांसोबत तेलंगणात मिरची तोडायला गेल्या होत्या, ज्यांची शाळा सुटली होती किंवा ज्यांच्या घरच्यांनी अफवेला भिऊन नाही म्हटलं, त्या राहिल्या. कार्ड नसेल तर लस झालीच नाही असं धरून चाला. ‘लहानपणी गोवर आला होता’ हा पुरावा धरू नका. गोवर वेगळा, रुबेला वेगळा, आणि नुसत्या पुरळावरून दोन्ही ओळखण्यात जाणकारही चुकतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पूर्वी हा आजार गावातून सारखा फिरायचा, त्यामुळे पुष्कळ पोरींना तो लहानपणीच होऊन जायचा. आता लेकरांना लस मिळते, आजाराचं फिरणं कमी झालं, ते चांगलंच झालं. पण ज्या मुली लसीतून सुटल्या त्यांना तो लहानपणी होतही नाही, आणि त्या कोऱ्याच सासरी जातात. ग्रीसमध्ये हेच घडलं. लस सुरू झाली, पण पुरेशा मुलांना मिळाली नाही. आजार मोठ्या वयाकडे सरकला आणि १९९३ च्या साथीनंतर तिथे जन्मजात रुबेलाची बाळं आली.

तपासणी एकच करायची: रुबेला आयजीजी, म्हणजे रक्तात रुबेलाविरुद्धची प्रतिकारशक्ती आहे का ते पाहणारी. बस्त्यासाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला जाताच, त्याच दिवशी लॅबमध्ये रक्त द्या. उपाशीपोटी असायची गरज नाही. बहुतेक लॅबमध्ये आकडा १० आययू प्रति मिली किंवा जास्त आला तर संरक्षण आहे असं धरतात. तरी कागदावर लॅबने स्वतःची मर्यादा छापलेली असते, तीच पाहा. इथे ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगलं. हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, कारण पॉझिटिव्ह शब्द वाचून सोयरीक मोडायची भाषा सुरू होते. तो आजार नाही, ती ढाल आहे.

लॅबवाला किंवा डॉक्टर ‘पूर्ण टॉर्च पॅनल करा’ (म्हणजे गर्भाला बाधणाऱ्या रुबेलासारख्या अनेक आजारांची एकत्र तपासणी) म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. लग्नाआधी त्याचा उपयोग नाही आणि पैसे कितीतरी जास्त जातात. वारंवार गर्भ पडतो म्हणून टॉर्च करायचं आणि आयजीजी पॉझिटिव्ह दिसलं की महिनोन्महिने गोळ्या द्यायच्या, हा प्रकार तर बंदच व्हायला हवा. जुन्या आयजीजीने गर्भ पडत नाही, आणि रुबेलाला मारणारं औषध आजही नाही. सुनेला दोष लागतो तो वेगळाच.

तपासणीची सोय नसेल, दूर असेल, पैसे दोन्हीला पुरणार नसतील, तर तपासणी सोडा आणि सरळ लस घ्या. आधीच संरक्षण असलेल्या मुलीला लस टोचली तर काही बिघडत नाही.

लस म्हणजे नुसती रुबेलाची किंवा एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला एकत्र), जी मिळेल ती. अर्धा मिली, दंडाला, कातडीखाली. एका डोसने शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त जणींना संरक्षण मिळतं. उपकेंद्रातला एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) साठा लेकरांच्या हिशेबाने येतो, त्यामुळे मोठ्या मुलीला तिथे मिळेल असं गृहीत धरू नका. लेकरांच्या डॉक्टरांकडे किंवा बाळंतपणाच्या दवाखान्यात आधी फोन करून विचारा. लग्न ठरलेल्या मुलीला हा एक डोस उपकेंद्रातच फुकट मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघतो तेव्हा ही मागणी लावून धरा.

आपल्या उन्हात लस कशी येते ते बघणं महत्त्वाचं. पावडरची कुपी आणि पाण्याची कुपी वेगळी असते. कुपी २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे आणि पाणीही थंडच हवं. कोमट पाण्यात मिसळली की विषाणू मरतो आणि सुई फुकट जाते. मेडिकल दुकानातून लस आणायला सांगितलं तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून मोटरसायकलला अडकवू नका. बर्फ घातलेल्या डब्यात आणा, बर्फ कुपीला टेकू देऊ नका, आणि शक्यतो टोचणाऱ्यानेच लस मागवावी. मिसळलेली कुपी चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. सकाळी कितीला फोडली हे विचारायला लाजू नका.

सुईनंतर आठ-दहा दिवसांनी हलका ताप किंवा पुरळ येऊ शकतो. मोठ्या मुलींचे बोटांचे, मनगटाचे, गुडघ्याचे सांधे काही दिवस दुखू शकतात. कापूस वेचणी किंवा रोवणी चालू असेल तर हे आधी सांगा, नाहीतर ‘सुईने पोरगी अधू झाली’ अशी बोंब गावभर होते. पॅरासिटामॉल पुरतं.

लसीनंतर निदान एक महिना गर्भ राहू द्यायचा नाही. लग्न महिन्याच्या आत असेल किंवा आधीच झालं असेल, तर निरोध किंवा माला-एन वापरा. अंतरा इंजेक्शन यासाठी नको, ते सोडल्यावर गर्भ राहायला बरेच महिने लागू शकतात. लग्न झालेल्या मुलीने पाळी सुरू असतानाच लस घ्यावी, म्हणजे शंका राहत नाही. तरीही चुकून गर्भ असताना सुई पडली तर गर्भ पाडायला धावू नका. अशा हजारो बायकांवर लक्ष ठेवलं गेलं आहे आणि त्यांच्या बाळांत लसीमुळे व्यंग आलेलं दिसलं नाही. सिकलसेलमुळे किंवा दुसऱ्या कारणाने गेल्या सहा-सात महिन्यांत रक्त चढलं असेल तर डॉक्टरला आवर्जून सांगा. दुसऱ्याच्या रक्तातली प्रतिकारशक्ती लसीला रुजू देत नाही.

जिचं हे सगळं राहून गेलं आणि दिवस गेले, तिने पुरळ उठलेल्या लेकरापासून दूर राहावं. संपर्क आलाच तर तारीख लिहून ठेवून लगेच रक्त द्यावं आणि डॉक्टर सांगतील तेव्हा, साधारण तीन-चार आठवड्यांनी, पुन्हा द्यावं. एका कागदावर निर्णय होत नाही. आणि बाळंतपण झाल्यावर दवाखान्यातून घरी येण्याआधीच लस मागून घ्यावी. अंगावर पाजत असली तरी चालते. बाळाच्या डोळ्यातल्या काळ्या ठिपक्यात दुधासारखं पांढरं दिसलं, किंवा ताट पडलं तरी ते दचकलं नाही, तर सव्वा महिना संपायची वाट न पाहता त्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा. जन्मजात मोतीबिंदूचं ऑपरेशन पहिल्या दोन महिन्यांत झालं तर नजर वाचायची शक्यता जास्त असते.

लस घेतली की तारीख, लसीचं नाव आणि बॅच नंबर कागदावर लिहून घ्या, डॉक्टरची सही घ्या. त्याची एक झेरॉक्स माहेरी ठेवा आणि मूळ कागद आधार कार्डासोबत मुलीच्या बॅगेत सासरी जाऊ द्या.