रबर, दोरी आणि आत बसलेले काका

काल लिफ्टपाशी दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी माझ्या नवऱ्याला थांबवून म्हटलं, "काय मस्त बसवलीत हो काच! काका सांगत होते, तुम्ही नि त्यांनी मिळून केलं म्हणे." आणि माझा नवरा, ज्याला त्या रबराची आतली बाजू कुठली नि बाहेरची कुठली हे आजही विचारलं तर फोन काढून बघावं लागेल, तो छान मान तिरकी करून "थँक्यू थँक्यू" म्हणाला. मी शेजारीच उभी. बोटांवर सोल्युशनचे वाळके पापुद्रे, नखांत काळं. लिफ्टचं दार लागल्यावर विचारलं तर म्हणे, "आता त्यांना कुठे सगळं समजावत बसू?"

तर कुठेतरी लेखी असावं म्हणून लिहितेय. ती गाडीची पुढची काच मी बसवली.

गाडी जुनी आहे, माझ्या नावावर आहे, आणि पाऊस आला की बाहेरून जेवढी भिजते त्याहून जास्त आतून भिजते. रबरं सगळी दगड झाली होती, नख मारलं तर वाजायची. म्हणून पुढची काच, दारं, डिकी, सगळीकडचं रबर बदलायचं ठरवलं. हल्लीच्या गाड्यांना हा छळ नाही, त्यांची पुढची काच युरेथेन नावाच्या गोंदाने सरळ बॉडीला चिकटवलेली असते. जुन्या गाडीत काच रबराच्या खाचेत, रबराची दुसरी खाच पत्र्याच्या कडेवर, असं सगळं एकमेकांच्या भरवशावर उभं असतं.

नवं रबर मागवण्यापासूनच करमणूक सुरू झाली. आलेलं रबर वरच्या कोपऱ्यात आखूड पडत होतं. फोन केला तर पलीकडचा म्हणे, "मॅडम हेच येतं, थोडं ओढून बसवायचं." मी म्हटलं ओढून बसवलेलं रबर पुढे आपोआप आकसतं नि कोपऱ्यातून सुटतं, शिवाय ताणलेल्या रबरालाच ओझोन आधी फोडतो. दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, "सरांना फोन देता का, मी त्यांना सांगतो."

सरांना! सर तेव्हा टीव्हीपुढे.

आता हे ओझोनचं विषयांतर आहे पण करणारच, कारण ज्याला सांगायचं होतं त्याने ऐकलं नाही. आपल्याला वाटतं रबर उन्हाने नि वयाने जातं. तेवढंच नाही. आपण श्वास घेतो त्याच हवेत दहा कोटी भागांत दोन-चार भाग ओझोन असला तरी नैसर्गिक रबराच्या साखळीतले दुहेरी बंध तो तोडत बसतो, आणि रबर ताणलेलं असेल तर ताणाला बरोब्बर आडव्या बारीक भेगा पडतात. जुन्या गाडीच्या रबरावर कोपऱ्यात ज्या रेघा दिसतात त्यातल्या बऱ्याच याच. नंतर १९६०च्या दशकात ईपीडीएम नावाचं रबर बाजारात आलं, त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंधच नाहीत, म्हणून ते ऊनपावसात टिकतं. हे मी वाचून, खुणा करून, फोनवर एका वाक्यात सांगितलं होतं हो. तरी सरांना द्या. शेवटी "सरांशी बोलले, ते भडकलेत" असा मेसेज टाकला तेव्हा दुसऱ्या दिवशी योग्य लांबीचं रबर निघालं. यावर हसायचं की काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

जुनं रबर काढणं सोपं. ब्लेडने बाहेरचा ओठ, म्हणजे रबराची सुटी कड, कापायचा नि काच आतून हलकेच ढकलायची. पण त्याखाली जे निघतं ते बघू नये असं असतं. गंज, कोणीतरी कधीकाळी भरलेली लांबी म्हणजे पुट्टी, त्यावर काळा डांबरासारखा सीलंट, त्यावर आणखी कोणाचा तरी पांढरा. खरं काम इथे आहे नि ते कोणालाच दिसत नाही. घासा, गंज मारा, प्रायमर, रंग, आणि मग थांबा. रंग पुरता सुकायच्या आत रबर चढवलं तर ते रंगालाच चिकटतं. नवं रबरही पाकिटातून काढून लगेच लावायचं नाही, त्याला घडीचे बाक आलेले असतात, ते उन्हात सैल पसरून ठेवायचं. मग त्यावरची फॅक्टरीची पावडर आणि चिकटा धुवायचा, जिथे सोल्युशन लागणार तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, आणि सोल्युशन लावायच्या आधी एकदा कोरडंच बसवून बघायचं. मी आमच्या पार्किंगमध्ये रबरं उन्हात वाळत टाकलेली पाहून जाणारे-येणारे चौकशी करून गेले, पण ब्रश द्या मी घासतो असं कोणी म्हणालं नाही.

मग काचेचा दिवस आला आणि काका आले.

काका रिटायर्ड आहेत नि कुठलंही बॉनेट उघडं दिसलं की त्यांचे पाय आपोआप तिकडे वळतात. माझं बॉनेट तर बंद होतं, तरी आले.

"काय चाललंय?"

"काचेचं रबर बदलतेय काका."

"मिस्टर कुठायत?"

"वर आहेत."

"मग बोलव की त्यांना."

"त्यांना यातलं काही येत नाही काका."

"येत नसलं तरी गं. पुरुषमाणूस जवळ असलेला बरा."

मी काही बोलले नाही. काका मागे हात बांधून गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "ग्रीस लाव. सर्रकन जाईल."

"पेट्रोलियम चालत नाही काका, हे रबर त्याने फुगतं. साबणाचं पाणी घेतलंय. नंतर लावायला सिलिकॉन ग्रीस आहे."

"आम्ही स्कूटरला सगळीकडे ग्रीसच लावायचो."

"मग काय झालं?"

"काय व्हायचंय? विकली."

आता अडचण अशी की हे काम दोन माणसांचं आहे. आधी रबर काचेला चढवायचं. मग त्याच्या बाहेरच्या खाचेत, म्हणजे जी पत्र्यावर बसणार त्या खाचेत, मजबूत दोरी सबंध गोल फिरवून घालायची आणि दोन्ही टोकं खाली मध्यभागी एकमेकांवरून नेऊन गाडीच्या आत सोडायची. पत्र्याला साबणपाणी. मग एकाने बाहेरून काच जागेवर दाबून धरायची आणि दुसऱ्याने आत बसून ती दोरी हळूहळू ओढत जायची, की दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येतो. परकराची नाडी ओवतात त्याच्या बरोबर उलट. ही उपमा मी काकांना दिली तर ते लाजून दुसरीकडे बघायला लागले, पण तत्त्व समजलं असावं, कारण लगेच म्हणाले, "मी बसतो आत."

मी नवऱ्याला हाक मारणार होते. खरंच मारणार होते. पण काका दार उघडून बसलेसुद्धा. बसल्याबसल्या त्यांनी आधी सीट मागे सरकवली, मग आरसा स्वतःच्या तोंडाप्रमाणे लावून घेतला, मग हॉर्न वाजवला. "वाजतो की!" अशा सुरात, जणू आजवर मीच तो दाबून ठेवला होता.

"काका, दोरी काचेच्या मध्याकडे ओढायची. सरळ स्वतःकडे ओढाल तर ओठ फाटेल."

"हां हां."

"आणि हळू. मी इथे बाहेरून थापटते, मग तुम्ही थोडं ओढा, मग मी पुन्हा थापटते."

"अगं मला शिकवतेस होय."

सुरुवात बरी झाली, खरं सांगायला पाहिजे. खालची कड छान बसली. एक कोपरा वळला. मी बॉनेटवर पालथी, दोन्ही हात पसरून काचेला चिकटलेली, कोपरातून साबणाचं पाणी बाहीत शिरतंय, आणि काका आतून मला "येतंय येतंय" असं काचेपलीकडून दाखवतायत. दुसरा कोपरा अर्धा वळला तेव्हा त्यांचा फोन वाजला.

मला वाटलं कट करतील.

"हां बोल रे! नाही नाही, काही नाही, मोकळाच आहे."

मोकळाच आहे! एका हातात दोरी, एका हातात फोन. मी काचेवर टकटक करायला गेले तर हात सुटला की काच सरकणार, म्हणून कपाळाने टकटक केली. काकांनी मला बोट वर करून 'एक मिनिट' दाखवलं आणि गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट सुरू केली. त्यांचा गुडघा नाही. कोणाचा तरी भावाचा. कुठल्या डॉक्टरने काय सांगितलं, दुसऱ्याने काय सांगितलं, सून काय म्हणाली. काच जाड आहे पण मला शब्दन् शब्द ऐकू येत होता, कारण ती अर्धीच बसली होती. आणि ही पुढची काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच, तिला मध्यावर थापटलेलं चालतं पण कडेला एका जागी जोर आला की सरळ तडा जातो. म्हणजे सोडता येत नाही, रेटता येत नाही. बाजूने एक मुलगा सायकलवरून गेला, थोडं पुढे जाऊन थांबला, वळून म्हणाला, "काकू, धक्का देऊ का?" गाडी पुढून ढकलतेय असं वाटलं त्याला.

आणि मग काका फोनवर म्हणाले, आजही कानात आहे, "अरे इथे एक काच बसवतोय. हो, मीच. आता कोणी करणारं आहे का दुसरं?"

गुडघा चालायला लागल्यावर फोन संपला. काकांनी उरलेली दोरी एका दमात, सरळ स्वतःकडे, खस्सकन ओढली नि "झालं!" म्हणून दार उघडून बाहेर आले, कपडे झटकले, दोन पावलं मागे जाऊन काचेकडे बघितलं, आणि "मिस्टरांना सांग, काका करून गेले" असं म्हणून निघून गेले. रबराच्या बाहेरून दिसणाऱ्या वेगळ्या खाचेतली लॉकिंग पट्टी, जी घातल्याशिवाय रबर काचेला घट्ट आवळतच नाही आणि जी घालताना बोटांची सालं निघतात, ती राहिलेली होती. ती मी संध्याकाळपर्यंत एकटी घालत बसले. त्या वेळी कोणीही आलं नाही, मिस्टर कुठायत विचारायलासुद्धा.

चार्ल्स गुडइयरची आठवण आली मला तेव्हा. रबर उन्हाळ्यात वितळायचं नि थंडीत तडकायचं, या माणसाने १८३९ साली गंधक नि उष्णता यांनी ते टिकाऊ करायची युक्ती शोधली, १८४४ला पेटंट मिळालं, मध्ये कर्जापायी तुरुंगात जाऊन आला आणि १८६०मध्ये कर्जातच मेला. त्याच्या नावाची टायरची प्रसिद्ध कंपनी १८९८ला निघाली, त्याचा नि तिचा काही संबंध नव्हता, नाव फक्त त्याचं. पण निदान त्याचं नाव तरी लावलं. माझ्या काचेवर कोणाचं नाव लागलंय ते वर सांगितलंच आहे.

नळीने पाणी मारून बघितलं. खालून सुरुवात करून हळूहळू वर जायचं असतं, म्हणजे गळतं कुठे ते कळतं, वरून धबधबा सोडला तर सगळीकडूनच गळल्यासारखं वाटतं. गळालं एकाच ठिकाणी. दुसरा कोपरा. गुडघ्याचा कोपरा म्हणते मी त्याला. ओठ बोटभर फाटलेला. काका दुसऱ्या दिवशी वाकून बघून म्हणाले, "तू बाहेरून नीट दाबलं नसशील." मी त्यात न वाळणारा सीलंट भरलाय, सध्या थांबलंय, पण नव्याकोऱ्या रबराला ठिगळ आहे ते आहेच, आणि ते आता मलाच रोज दिसणार.

दारांची रबरं त्यामानाने शांततेत झाली. जोड खालच्या बाजूला, कोपऱ्यात ओढायचं नाही, उलट किंचित जास्तीचं दाबून भरायचं. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं नि पट्टी ओढून बघायची, सहज सुटली तर तिथे रबर टेकत नाही. चारी बाजू घट्ट निघाल्या. इतक्या घट्ट की दार लागेना. नवं रबर अजून दबलेलं नसतं, शिवाय काचा बंद असल्या की आतली हवा कुठे जाणार, ती दाराला मागे ढकलते. एखादी काच बोटभर खाली ठेवून दार लावलं तर लागतं. हे घरात सगळ्यांना सांगून झालं. नवरा अजूनही अलगद, दोन बोटांनी दार लोटतो आणि ते परत त्याच्याच अंगावर येतं, मग मला म्हणतो, "तू काहीतरी बिघडवलंस का दाराचं?"

शेवटी खांबावर लॉक जिथे अडकतं तो तुकडा मी स्क्रू सैल करून किंचित बाहेर घेतला. रबर दबलं की तो पुन्हा आत घ्यावा लागणार, नाहीतर दारं खुळखुळणार. पण तोवर घरातले सगळे दार आपटायला शिकलेले असतील, आणि एकदा आपटायला शिकलेला माणूस पुन्हा हळू लावायला शिकत नाही. दर आपटण्याला तो गुडघ्याचा कोपरा थोडा थोडा उसवणार. सीलंटची अर्धी ट्यूब शिल्लक आहे, ती मी कपाटात मागे लपवून ठेवलीय, कारण काकांनी कालच विचारलं, "उरलंय का गं ते? आमच्या बाथरूमच्या नळाला लावून बघतो."