माउस अडकला, मग परीक्षा पुन्हा द्यायची का?

परवा रात्री साडेदहाला मामेबहिणीचा फोन. जीआरई (परदेशात मास्टर्सच्या प्रवेशासाठी संगणकावर द्यायची परीक्षा) देऊन आली होती, रडून रडून आवाज बसलेला. "ताई, सेंटरवर माउसच चालेना गं. क्वांटचा पहिलाच सेक्शन. परत देऊ का?" (क्वांट म्हणजे गणिताचा भाग.) तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय, कारण या प्रश्नाचं चुकीचं उत्तर देऊन मी दुसऱ्यांदा फी भरलेली आहे.

माझ्या वेळी व्हर्बलचा, म्हणजे इंग्रजीच्या भागाचा, दुसरा सेक्शन चालू होता. सहा प्रश्न उरलेले आणि स्क्रीन एकदम पांढरीफटक. हात वर केला. निरीक्षक बाई पाय न वाजवता आल्या, वायर हलवून पाहिली आणि 'बसून राहा' अशी खूण करून गेल्या. समोर काही नाही. हातात पेन्सिल, रफ कागदावर पाच पर्यायांपैकी दोनांवर काट मारलेली, आणि शेजारचा मुलगा आपला टकाटक टाइप करतोय. मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा घड्याळ थांबलं होतं तिथूनच पुढे निघालं. म्हणजे हिशेबाने माझा एक सेकंदही गेला नाही. पण निम्मा वाचलेला उतारा पहिल्या ओळीपासून वाचावा लागला, आणि छातीतली धडधड काही घड्याळाबरोबर थांबली नव्हती.

व्हर्बलला १५७ आले. मी नुसती पेटले. पुन्हा बसायला २१ दिवस थांबावं लागतं, ते संपताच मिळाली ती पहिली तारीख घेतली. मधल्या दिवसांत अभ्यास कमी आणि संताप जास्त. दुसऱ्या वेळी माउस, स्क्रीन, शेजारी सगळे शहाण्यासारखे वागले. गुण? १५६.

मग घरी येऊन जे आधी करायला हवं होतं ते केलं. पॉवरप्रेपच्या, म्हणजे जीआरई घेणाऱ्यांच्याच, दोन मोफत सराव चाचण्यांचे जुने गुण काढून बघितले. १५८ आणि १५७. म्हणजे त्या पांढऱ्या स्क्रीनने माझं काही नेलंच नव्हतं. १३० ते १७० च्या मापात एखाद-दोन गुण इकडेतिकडे होणं हे कुठल्याही दिवशी, कुठल्याही खुर्चीत होतं. मला वाटत होतं मी गेलेले गुण परत आणायला चाललेय. खरं तर मला फक्त त्या दिवसावर सूड उगवायचा होता.

बहिणीचं प्रकरण मात्र वेगळं आहे, आणि लोक नेमकं हेच बघत नाहीत. घोळ झाला का, यापेक्षा घोळ कुठे झाला हे महत्त्वाचं. जीआरईत क्वांटचे दोन सेक्शन असतात. पहिल्यात २१ मिनिटांत १२ प्रश्न, दुसऱ्यात २६ मिनिटांत १५. पहिला कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते आणि गुण देताना ती काठिण्यपातळीही धरली जाते. म्हणजे पहिल्यात पाय घसरला की दुसरा सोपा येतो, तो सगळा बरोबर सोडवला तरी वरच्या गुणांपर्यंत हात पोचत नाही. दुसऱ्यात घसरला तर नुकसान तेवढ्यापुरतंच. तिचा माउस पहिल्यात अडकला होता, शिवाय मध्येच उठवून दुसऱ्या जागेवर बसवलं. सरावात क्वांटला १६५ आणि १६६, परीक्षेत १५७. त्याच दिवशी, त्याच डोक्याने दिलेलं व्हर्बल मात्र सरावाइतकंच. याला मी 'नशीब' म्हणून सोडून देणार नाही. हिने पुन्हा द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ती एकच गोष्ट घोकत होती, "शेवटी गुण रद्द करायला हवे होते." अजिबात नाही. रद्द केले असते तर ते दिसलेच नसते, आणि मग आज तुलना कशाशी करणार? कुठल्या दिवसाचे गुण विद्यापीठांना पाठवायचे हे आपल्यालाच निवडता येतं. पडलेला आकडा पडून राहू दे, कुणी बघत नाही.

तक्रार मात्र त्याच रात्री करायला लावली. वेळ, खुर्चीचा नंबर, किती मिनिटं गेली, निरीक्षक काय बोलले, सगळं आठवतंय तोवर. त्याने गुण वाढवून मिळतील ही आशा सोडा. फार तर पुन्हा बसण्याची सोय होऊ शकते. पण चार दिवसांनी अकरा मिनिटांची आपल्याच डोक्यात पंचवीस मिनिटं झालेली असतात. (माझी झाली होती.)

एक अडचण उरतेच. अधिकृत निकालाला आठ ते दहा दिवस, त्याआधीचे २१ दिवस, आणि तिच्या पहिल्या दोन अर्जांची मुदत जवळ आलेली. ते दोन अर्ज १५७ वरच जातील, बाकीचे थांबतील. तिला ते पटलेलं नाही. शनिवारी परीक्षेच्याच वेळेला आणखी एक सराव चाचणी लावून बसते म्हणाली, १६३ च्या वर आले तरच तारीख घेईन म्हणे. मी म्हटलं, घे लावून, पण त्या दिवशी फोन मला नको करूस, आधी झोप काढ.