बारा आकडे नाहीत? मग स्टॉकहोममध्ये तुम्ही नाहीच

शिकायला स्वीडनला निघालात? तिथे सगळं मोबाइलवर होतं म्हणे. होतं ना! फक्त त्या मोबाइलात बँकआयडी, म्हणजे डिजिटल ओळख, लागतो, बँकआयडीला स्वीडिश बँकेतलं खातं लागतं, खात्यासाठी स्वीडिश ओळखपत्र मागतात आणि ओळखपत्राला पर्सोननुमर. घोडं तिथेच पेंड खातं.

पर्सोननुमर म्हणजे जन्मतारखेचे आठ आकडे आणि पुढे चार. शेवटून दुसरा आकडा पुरुषाचा विषम, बाईचा सम, आणि शेवटचा नुसता पडताळणीचा. एवढ्याशा त्या आकड्यांवर दवाखान्याच्या लॉगिनपासून जिमच्या मेंबरशिपपर्यंत सगळं टांगलेलं. हा नंबर विद्यापीठ देत नाही, मिग्रेशन्सवेर्केट, म्हणजे राहण्याचा परवाना देणारं खातं, तेही देत नाही, तो देतं स्काट्टेवेर्केट, म्हणजे कर खातं. आणि त्यांची पहिली अट: तुम्ही इथे किमान एक वर्ष राहणार असलं पाहिजे. एका सेमिस्टरच्या एक्स्चेंजवाल्यांनी तर विषयच सोडावा.

मास्टर्सवाल्यांना वाटतं आपलं काय, आपण दोन वर्षांचे. थांबा. पासपोर्टची मुदत जिथे संपते त्याच्या पुढचा परवाना मिग्रेशन्सवेर्केट देत नाही. पासपोर्ट पुढच्या जूनमध्ये संपत असेल तर परवानाही जूनपर्यंतच. ऑगस्टला आलात, झाले दहा महिने, नंबरचा अर्ज लटकला. प्रवेशाच्या पत्रासोबत कॅम्पसचे हसरे फोटो पाठवतात, तिथे ही एक ओळ ठळक छापायला काय जातं यांचं? तेव्हा पुण्यात असा की नागपुरात, परवान्याचा अर्ज करण्याआधी पासपोर्ट नवा करून घ्या. नंतर करून पहिल्या वर्षाला काही उपयोग नाही.

नंबर नाही मिळाला तर एक सावत्र नंबर असतो, समोर्डनिंग्सनुमर. त्यात जन्माच्या दिवसात ६० मिळवतात. १२ तारखेचा जन्म असेल तर तुम्ही ७२ तारखेचे. कर भरायला हा चालतो हो, पण बऱ्याच वेबसाइटवर टाकला की लाल अक्षरं. फेब्रुवारीत ७२ तारीख कुठून येणार, असं त्या यंत्राला वाटत असावं.

आता घर. नंबरासाठी पत्ता लागतो, आणि नुसता रस्ता नि इमारत नव्हे, फ्लॅटचा चार आकडी अधिकृत क्रमांक. १० म्हणजे प्रवेशाचा मजला, ११ त्याच्या वरचा, म्हणून ११०२ म्हणजे एक जिना चढून दुसरं घर. घरमालक कंपनीचा स्वतःचा तीन आकडी क्रमांक वेगळाच असतो, आणि करारात बहुतेकदा तोच लिहिलेला. तो अर्जात टाकला की बसा पत्राची वाट बघत.

त्यात पोटभाड्याने देणारे महाभाग! खोली देतात, भाडं आगाऊ घेतात आणि वर सांगतात, ‘इथे नाव नोंदवायचं नाही.’ का, तर यांनी स्वतःच मूळ मालकाची किंवा सोसायटीची परवानगी काढलेली नसते. कायदा म्हणतो, जिथे राहता तिथेच नोंद करा. खोटा पत्ता नोंदवणं २०१८ पासून गुन्हा आहे. म्हणजे खरा पत्ता दिला तर खोली जाते आणि मित्राचा दिला तर गुन्हा. नोंदणीला नकार देणारी खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. आणि किल्ली हातात येण्याआधी डिपॉझिट पाठवू नका, हे तर सांगायलाच नको.

कागद दिले, मूळ पासपोर्ट, परवान्याचं कार्ड, प्रवेशपत्र, भाडेकरार, सगळं स्काट्टेवेर्केटच्या काउंटरवर दाखवलं. पुढे काही आठवडे. सरकारी काम, सहा महिने थांब ही म्हण आपण उगाच आपल्यापुरती समजत होतो. आणि मग नंबर येतो कसा? पोस्टाने! पेपरलेस देशात, कागदावर. दारावर किंवा पत्रपेटीवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन टाकत नाही, पत्र परत जातं. दारावर नाव असतं मूळ भाडेकरूचं. म्हणून फॉर्ममध्ये त्याचं नाव ‘केअर ऑफ’ म्हणून भरायचं आणि दारावर आपल्या नावाची पट्टी चिकटवायची, पासपोर्टावर आहे तसंच नाव. आपल्या पासपोर्टात वडिलांचं नावही पहिल्या नावाच्या रकान्यात असतं, त्यामुळे स्वीडनच्या लेखी तुमची दोन पहिली नावं. पट्टीवर आडनाव ठळक असू द्या.

नंबर आला की पुन्हा स्काट्टेवेर्केट, ओळखपत्रासाठी. त्याला फी पडते. ते घ्यायलाही स्वतःच जायचं. मग बँक. युरोपीय संघाचा २०१४ चा निर्देश सांगतो की संघात कायदेशीर राहणाऱ्याला साधं खातं द्यावं. खातं, हं! बँकआयडी द्या असं त्यात नाही. काउंटरवरचा माणूस गोड हसतो आणि अपॉइंटमेंट घ्या म्हणतो. पैसा कुठून येतो हे तर विचारणारच, तेव्हा शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र इंग्रजीत जवळ ठेवा.

तोवर स्विश, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायचं तिथलं ॲप, नाही. चौघांनी पिझ्झा घेतला की तिघं दोन सेकंदांत पैसे टाकतात आणि चौथा फॉरेक्स कार्ड धरून उभा. जुन्या सामानाच्या बाजारात सायकल घ्यायला जा, विकणाऱ्याला स्विशच हवं. नोट पुढे केली तर तुम्ही शेळी देऊ केल्यासारखं बघतात. प्रीपेड सिमसुद्धा २०२२ च्या ऑगस्टपासून ओळख नोंदवल्याशिवाय मिळत नाही. ऑनलाइन नोंदवायला बँकआयडी, म्हणून पासपोर्ट घेऊन दुकानात जायचं.

ही मधली दोन-तीन महिन्यांची पोकळी भारतातूनच भरून यावी लागते. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार नव्या कार्डांना मुळात बंद असतात, ते निघण्याआधी सुरू करा. ओटीपी येतो तो भारतीय नंबरावर, तेव्हा ते सिम बंद करू नका, रोमिंग चालू ठेवा. दोन कार्डं वेगवेगळ्या बँकांची घ्या. एक ब्लॉक झालं तर ते उघडायला परत फोन, परत ओटीपी, आणि कॉल सेंटरवाली विचारणार, ‘सर, आप अभी इंडिया में हैं?’